‘विंडोज ओरिजिनल टाकू का साधं?’ घरच्या कॉम्प्युटरसाठी कोणती एडिशन, कोणतं लायसन्स?

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा असो, निराला बाजार असो की सिडकोतला कॅनॉट परिसर, कॉम्प्युटरच्या दुकानात गेलात की एक प्रश्न हमखास कानावर येतो. प्रोसेसर ठरतो, रॅम ठरते, किंमत वर-खाली होते आणि शेवटी दुकानदार सहज विचारतो, “विंडोज ओरिजिनल टाकू का साधं?”

बारावीनंतर मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला आलेले वडील विचारतात, “फरक काय पडतो?” उत्तर येतं, “काही नाही, दोन्ही सेमच चालतं. ओरिजिनलला दहा-बारा हजार जास्त, साधं मी फ्रीमध्ये मारून देतो.” दहा-बारा हजारांचा फरक ऐकल्यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं.

पण दोन्ही ‘सेम’ नसतं. आणि गंमत म्हणजे ओरिजिनलसाठी दर वेळी दहा हजार मोजावेच लागतात असंही नाही. अनेकांच्या लॅपटॉपमध्ये ओरिजिनल विंडोज आधीपासूनच असतं, फक्त ते त्यांना माहीत नसतं. हा सगळा गुंता आपण एकेक धागा सोडवत समजून घेऊ.

आधी तीन शब्द वेगळे करू

दुकानात हे तीन शब्द एकमेकांत मिसळून वापरले जातात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

व्हर्जन म्हणजे पिढी. विंडोज ७, विंडोज १०, विंडोज ११ ही व्हर्जन्स. विंडोज ११मध्येही दरवर्षी नवी उपआवृत्ती येते. २०२४ साली २४एच२ आली, सप्टेंबर २०२५च्या अखेरीस २५एच२ आली.

एडिशन म्हणजे त्याच पिढीतला प्रकार. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइज. एकाच गाडीची साधी आणि टॉप मॉडेल असतात, तसं.

लायसन्स म्हणजे वापरण्याचा हक्क. एडिशन तीच असली तरी लायसन्स वेगवेगळ्या प्रकारची असू शकतात. आपण विंडोज ‘विकत’ घेत नाही, ते एका कॉम्प्युटरवर वापरण्याची परवानगी विकत घेतो. साधा नियम असा की एक लायसन्स, एक कॉम्प्युटर.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा झाला?

कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला. त्यानंतर विंडोज १०ला मोफत सुरक्षा अपडेट नेहमीच्या पद्धतीने मिळत नाहीत. कॉम्प्युटर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू होतो, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की काही बिघडलेलं नाही.

बिघडतं ते हळूहळू. सॉफ्टवेअरमध्ये नवनवीन फटी सापडत राहतात. कंपनी त्या बुजवते, त्यालाच आपण अपडेट म्हणतो. अपडेट थांबले की फट तशीच राहते आणि ती सगळ्या जगाला माहीत झालेली असते.

याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. मार्च २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक गंभीर फट बुजवणारा अपडेट दिला. ज्यांनी तो घेतला नाही, त्यांच्या कॉम्प्युटरवर १२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस आदळला. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या. जेमतेम दीड महिन्याने, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्याने इतर मार्गांसोबत हीच फट पसरण्यासाठी वापरली. त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, मर्स्क समूहाच्या टर्मिनललाही बसला आणि तिथलं कंटेनरचं काम विस्कळीत झालं.

बंदराकडे निदान कागद-पेन घेऊन काम पुढे ढकलणारी माणसं होती. घरच्या कॉम्प्युटरवर दहा वर्षांचे फोटो, मुलीचा प्रोजेक्ट आणि नेटबँकिंग एकाच डिस्कवर असतं, आणि बॅकअप बहुधा कुठेच नसतो.

माझ्याकडे विंडोज १० आहे. मग काय करू?

लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नका. चार रस्ते आहेत.

१. विंडोज ११वर मोफत जा. तुमच्याकडे अस्सल विंडोज १० असेल आणि मशीन पात्र असेल, तर विंडोज ११ फुकट मिळतं. होमवरून होम, प्रोवरून प्रो. पैसे मागणारा कोणी भेटला तर तो त्याच्या मेहनतीचे मागतोय, लायसन्सचे नाही, हे लक्षात ठेवा.

पात्रतेच्या अटी अशा: ६४ बिटचा, मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप. खरी अडचण येते ती प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. पिढी ओळखायची तर लॅपटॉपवरच्या नावात बघा. आय५-८२५०यू असेल तर आठवी पिढी, म्हणजे पास. आय५-६२००यू असेल तर सहावी, म्हणजे नापास. आकड्यांत डोकं घालायचं नसेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अॅप चालवा. ते एका मिनिटात हो की नाही सांगतं, आणि नाही असेल तर का नाही, तेही सांगतं.

कधी कधी टीपीएम मशीनमध्ये असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. त्यामुळे ‘टीपीएम नाही’ असा निरोप आला तरी एकदा बायोस तपासून घ्या.

२. वाढीव सुरक्षा अपडेट घ्या. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढ योजना आणली, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. त्यासाठी मशीनवर विंडोज १०ची शेवटची, म्हणजे २२एच२ ही आवृत्ती हवी. नाव नोंदवण्याचे तीन मार्ग आहेत. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडला तर मोफत, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट देऊन, किंवा ३० डॉलरच्या बरोबरीची रक्कम भरून. एकदा नोंदणी केली की त्याच अकाउंटवर दहा मशीनपर्यंत ती वापरता येते. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’ या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. हा उपाय कायमचा नाही. पैसे जमवायला किंवा पर्याय शोधायला मिळालेला हा वेळ आहे.

३. लिनक्स टाका. याबद्दल पुढे सविस्तर.

४. अपात्र मशीनवर जबरदस्तीने विंडोज ११ टाका. यूट्यूबवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलं आहे. म्हणजे ज्या अपडेटसाठी हा खटाटोप, तेच बेभरवशाचं. घरातल्या बँकेच्या कामाच्या मशीनवर हा प्रयोग नको.

होम, सिंगल लँग्वेज की प्रो?

आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘होम’ किंवा ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं. अनेकजण ‘होम म्हणजे हलकं’ असं समजून दुकानदाराकडून ‘प्रो’ टाकून घेतात. अनेकदा तिथेच गडबड होते, कारण ओरिजिनल होम पुसून त्यावर क्रॅक केलेलं प्रो येतं.

प्रोमध्ये जास्तीचं काय मिळतं? बिटलॉकरची पूर्ण नियंत्रणं, दुसऱ्या ठिकाणाहून आपल्या मशीनचा स्क्रीन चालवू देणारं रिमोट डेस्कटॉप, ऑफिसच्या डोमेनला जोडण्याची सोय, ग्रुप पॉलिसी, आणि हायपर-व्ही व सँडबॉक्ससारखी कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारी साधनं. होमला १२८ जीबी रॅमची मर्यादा आहे, प्रोला २ टीबीची. घरी ८ किंवा १६ जीबी रॅम वापरणाऱ्याला या मर्यादेशी काही देणंघेणं नाही.

प्रोने कॉम्प्युटर वेगवान होत नाही. गेम जास्त चांगला चालत नाही. व्हायरसपासूनचं मूळ संरक्षण दोन्हीकडे तेच. अभ्यास, ऑफिसची कामं, सिनेमे, गेम, ऑनलाइन फॉर्म एवढंच असेल तर होम पुरेसं आहे. कॉम्प्युटर सायन्सला असाल, व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील, तर प्रोचा विचार करा. तेव्हाही होमवरून प्रोवर अधिकृत अपग्रेड करता येतं. पूर्ण नवीन लायसन्स घ्यावं लागत नाही.

सिंगल लँग्वेजमध्ये मराठी चालत नाही का?

हा गैरसमज खूप पसरलेला आहे. सिंगल लँग्वेज म्हणजे मेनू आणि बटणं दाखवण्याची भाषा एकच. ती नंतर सहज बदलता येत नाही. पण मराठी वाचायला, लिहायला, मराठी कीबोर्ड जोडायला काहीच अडचण नाही. सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर जाऊन मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. मेनूसुद्धा मराठीत हवे असतील आणि हवं तेव्हा इंग्रजीकडे परतायचं असेल, तरच साध्या होमचा किंवा प्रोचा आग्रह धरा.

एस मोड असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच अॅप्स चालतात. त्यातून बाहेर पडणं मोफत आहे, मात्र एकदा बाहेर पडलात की परत जाता येत नाही.

लायसन्सचे तीन प्रकार, आणि ‘साधं’ नावाचा चौथा

ओईएम: लॅपटॉपसोबत येतं ते. कंपनीला ते स्वस्तात पडतं आणि आपल्यासाठी ते किमतीतच धरलेलं असतं. हे लायसन्स त्या मशीनच्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. मशीन विकलं तर लायसन्स त्याच्यासोबत जातं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. विंडोज ८च्या काळापासून ब्रँडेड लॅपटॉपची की मशीनच्या आतच, फर्मवेअरमध्ये साठवलेली असते. त्यामुळे फॉरमॅट मारल्यावर तीच एडिशन पुन्हा टाकली तर की न विचारता विंडोज आपोआप सक्रिय होतं.

रिटेल: वेगळं विकत घेतलेलं. महाग, पण मोकळं. जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. अमेरिकेत होमची अधिकृत किंमत १३९ डॉलर आणि प्रोची १९९ डॉलर आहे. आपल्याकडेही रक्कम पाच आकडीच होते. सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जोडणाऱ्यांनी, दर तीन-चार वर्षांनी मदरबोर्ड बदलणाऱ्यांनी रिटेलचा विचार करावा.

व्हॉल्यूम: कंपन्या, कॉलेज, सरकारी कार्यालयांसाठी. शेकडो मशीनसाठी एकत्र करार. यातल्या केएमएस या पद्धतीत मशीनला संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क ठेवावा लागतो आणि प्रत्येक सक्रियता १८० दिवसांचीच असते. घरच्या माणसाला हे लायसन्स किरकोळीत विकलं जात नाही.

आता दुकानातल्या ‘साध्या’चा अर्थ कळेल. क्रॅक करणारं टूल बहुधा तुमच्या मशीनमध्ये एक खोटा केएमएस सर्व्हर उभा करतं आणि विंडोजला सांगतं की तू एका मोठ्या संस्थेचा कॉम्प्युटर आहेस. हे टूल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. नेमकं तिथेच थांबून विचार करा. घराचं दार उघडं ठेवून, कुत्रा बांधून आपण एका अनोळखी माणसाला मालकाच्या हक्काने आत सोडतोय. अशा टूलच्या नावाखाली पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअर पसरवल्याची प्रकरणं जगभर उघड झाली आहेत.

मग ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांत मिळणारी की?

‘लाइफटाइम ओरिजिनल की’ अशी जाहिरात दिसते. की टाकली की विंडोज सक्रियही होतं. पण मायक्रोसॉफ्टचं पाच आकडी किमतीचं लायसन्स पाचशेत कसं मिळेल? यातल्या पुष्कळ की कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातल्या असतात, किंवा भंगारात गेलेल्या मशीनवरून उचललेल्या असतात. अशी की मायक्रोसॉफ्टने बंद केली की तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘अॅक्टिव्हेट विंडोज’ हे वाक्य पुन्हा उगवतं आणि विक्रेत्याचा पत्ता नसतो. तुमच्या हातात की असते, हक्क नसतो.

जुन्या विंडोज ७ किंवा ८च्या कीवर नवं विंडोज सक्रिय करण्याची पळवाट आधी चालायची. सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंद केल्याचं जाहीर केलं.

कायदा काय सांगतो?

भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७मध्ये कलम ६३-ब आहे. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय, योग्य कारणं नोंदवून, कैदेऐवजी ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं.

म्हणजे घरगुती वापराला कायद्याने थोडी सवलत ठेवली आहे, सूट नाही. आणि घरातल्याच कॉम्प्युटरवर तुम्ही टॅक्सची कामं, डीटीपी किंवा क्लासची फी-नोंद करत असाल तर तो व्यवसाय झाला. तिथे सवलतीचा आधारही राहत नाही.

माझ्या मशीनमध्ये काय आहे, कसं बघू?

दोन मिनिटांचं काम आहे.

• सेटिंग्ज, मग सिस्टम, मग अॅक्टिव्हेशन. इथे एडिशनचं नाव दिसतं. ‘डिजिटल लायसन्स’ दिसलं तर चांगलं लक्षण. ‘संस्थेच्या अॅक्टिव्हेशन सर्व्हिसद्वारे सक्रिय’ अशा अर्थाचं वाक्य घरच्या मशीनवर दिसलं तर समजा पाणी मुरतंय.

• विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं, एक रिकामी जागा, मग तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि लगेच डी-एल-आय लिहून एंटर दाबा. थोड्या वेळाने येणाऱ्या चौकटीत ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम ते लिहिलेलं असतं.

• त्याच पद्धतीने डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर लिहिलंत तर सक्रियता कायमची आहे की कुठल्या तारखेपर्यंत, ते कळतं. पुढच्या काही महिन्यांतली तारीख दिसली तर ते केएमएस.

• एडिशनच्या जागी ‘एंटरप्राइज’ किंवा ‘एलटीएससी’ दिसलं आणि मशीन कुठल्या कंपनीचं नसेल, तर ते ‘साधं’च.

एक सावधगिरी. काही क्रॅक असे असतात की वरच्या सगळ्या तपासण्यांत ते खऱ्यासारखेच दिसतात. म्हणून खरा पुरावा बिल हाच.

दुकानात काय विचाराल?

बिलावर लिहून घ्या. ‘लॅपटॉप – १ नग’ एवढंच नको. ‘विंडोज ११ होम प्रीइन्स्टॉल्ड’ असा उल्लेख आणि मशीनचा सीरियल नंबर जीएसटी बिलावर हवा. बॉक्सवरच्या लेबलशी तो ताडून बघा. लेबलवर ‘डॉस’ किंवा ‘नो ओएस’ असेल तर त्या मशीनसोबत विंडोज आलेलंच नाही. ते तीन-चार हजारांनी स्वस्त दिसतं, पण विंडोज वेगळं घ्यायचं तर गणित उलटं पडतं. लिनक्स वापरणार असाल तर मात्र हाच सौदा फायद्याचा.

सेटअप स्वतःच्या अकाउंटने करा. हा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जातो आणि सगळ्यात महागात पडतो. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं. घाईत दुकानातला मुलगा स्वतःचं किंवा दुकानाचं अकाउंट टाकून देतो. विंडोज ११ २४एच२ असलेल्या नव्या मशीनवर अकाउंटने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते, होम एडिशनमध्येसुद्धा. या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जमा होते.

समजा दोन वर्षांनी बायोस अपडेट झाला किंवा मदरबोर्ड दुरुस्तीला गेला. स्क्रीन निळा होतो आणि ४८ अंक मागतो. की ज्या अकाउंटमध्ये आहे ते दुकान सोडून गेलेल्या कुणाचं तरी. तुमचं मशीन, तुमचं बिल, तुमचे फोटो, आणि किल्ली परक्याकडे. अशा वेळी डेटा परत मिळवण्याचा मागचा दरवाजा मायक्रोसॉफ्टकडेही नाही. म्हणून सेटअप घरी, स्वतःच्या ईमेलने करा. आधीच झालेला असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्सच्या पानावर कोणाचं नाव आहे ते आज बघा. आपल्या अकाउंटच्या डिव्हाइसेस पानावरून रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि तो कागद घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.

जुना लॅपटॉप घेताय? कंपन्यांतून निघालेले बिझनेस लॅपटॉप स्वस्त आणि दणकट असतात. त्यांच्यासोबत आलेलं ओईएम लायसन्स मशीनबरोबर तुम्हाला मिळतं. कंपनीचं व्हॉल्यूम लायसन्स मिळत नाही. म्हणून घेतल्यावर मूळ एडिशनच पुन्हा टाका. आणि प्रोसेसर आठव्या पिढीच्या आतला असेल तर भाव त्या हिशोबाने पाडा.

दुकानदाराने ओरिजिनल म्हणून पैसे घेतले आणि बनावट दिलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते. त्यानेही निभावलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

पैसे नाहीत आणि चोरीही नको. मग?

मग लिनक्स. त्याचं लायसन्सच असं आहे की डाउनलोड करा, वापरा, शेजाऱ्याला कॉपी द्या, सगळं कायदेशीर. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही नवशिक्यांसाठी सोपी नावं. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४मध्ये आलं आणि त्याला पाच वर्षांचा सपोर्ट आहे. घरगुती वापरासाठी मोफत मिळणारी ‘उबुंटू प्रो’ची नोंदणी केली तर हा काळ आणखी वाढतो, पाच मशीनपर्यंत. मिंट २२ याच पायावर उभं आहे. आपल्या देशातला पर्याय म्हणजे सी-डॅकने तयार केलेलं ‘बॉस’. पुण्यात मुख्यालय असलेल्या या सरकारी संस्थेने २००७मध्ये ते आणलं. डेबियनवर आधारलेल्या या सिस्टममध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे.

विंडोज ११ला नापास झालेली सहाव्या-सातव्या पिढीची मशीन लिनक्सवर छान चालतात. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, लिबरऑफिस यात अडचण नाही. फक्त ब्राउझरच हवा असेल तर गुगलचं क्रोमओएस फ्लेक्सही मोफत आहे. मात्र त्यावर अँड्रॉइड अॅप चालत नाहीत.

पण लिनक्स सगळ्यांसाठी नाही, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड, श्री-लिपीवर चालणारं मराठी डीटीपी, व्हॅलोरंटसारखे गेम यांपैकी काही रोजचं असेल तर विंडोजच लागेल. एमएस-सीआयटीसारख्या कोर्सचा सरावही विंडोज आणि एमएस ऑफिसवर होतो. काही ऑनलाइन परीक्षांचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, लिनक्स दोन दिवस चालवून बघा. पटलं तरच टाका, आणि टाकण्याआधी बॅकअप घ्या.

मॅकबुकवाल्यांना ही डोकेदुखी नाही. मॅकओएसला एडिशन नसतात, लायसन्स मशीनसोबतच येतं. पैसे आधीच दिलेले असतात एवढंच.

आणि ऑफिस?

विंडोज ओरिजिनल म्हणजे एमएस ऑफिसही ओरिजिनल, असं नाही. त्याचं लायसन्स वेगळं. काही लॅपटॉपसोबत ऑफिसही येतं. ते पहिल्यांदा ज्या अकाउंटने उघडाल त्याला कायमचं चिकटतं, म्हणून तिथेही दुकानाचं अकाउंट नको. मुलांच्या कॉलेजकडून अधिकृत ईमेल मिळाला असेल तर त्यावर ऑफिसची वेबवर चालणारी आवृत्ती मोफत मिळू शकते, चौकशी करा. नाहीतर लिबरऑफिस आहेच.

थोडक्यात, तुमच्यासाठी काय?

• नवा लॅपटॉप, अभ्यास आणि घरकाम: विंडोज ११ होम किंवा सिंगल लँग्वेज आधीपासून असलेला घ्या. वेगळे पैसे नकोत, ‘प्रो मारून’ घेऊ नका.

• कोडिंग, व्हर्च्युअल मशीन, घरून ऑफिसचं डोमेन: प्रो, किंवा होमवरून अधिकृत अपग्रेड.

• सुटे भाग जोडून डेस्कटॉप: रिटेल होम, किंवा लिनक्स.

• पात्र विंडोज १० मशीन: बॅकअप घ्या, मोफत ११वर जा.

• अपात्र पण ठणठणीत मशीन: वाढीव अपडेटची नोंदणी, दरम्यान लिनक्सची चाचणी.

• आधीच ‘साधं’ टाकलेलं ब्रँडेड मशीन: बॉक्स किंवा बिल शोधा. सोबत होम आलं होतं असं दिसलं तर डेटा बाजूला काढून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तेच होम मोफत डाउनलोड करून टाका. की मशीनच्या आत आहे. तुमचं ओरिजिनल तुम्हाला फुकट परत मिळेल. त्यानंतर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, ते मात्र दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून.

पुढच्या वेळी दुकानात “ओरिजिनल टाकू का साधं?” असा प्रश्न आला, तर एकच उलटा प्रश्न विचारा: “बॉक्सवर काय लिहिलंय?”